लेकीच्या नावाची चिंधी

टाचणीमावशींना सगळी गल्ली याच नावाने ओळखायची, कारण तोंडात चार-दोन टाचण्या धरल्याशिवाय त्यांना ना माप घेता यायचं, ना गप्पा मारता यायच्या. साठी उलटलेली ही शिवणकाम करणारी बाई एका दुपारी मोठ्या दुकानाच्या दारात पकडली गेली, तीही पिशवीत तान्ह्या बाळाचे मोजे घेऊन. घरात तान्हं बाळ सोडाच, मांजरसुद्धा नव्हतं. ज्या मॅनेजरने पोलिसांना बोलावलं, त्याच्या अंगातली पॅंट मावशींनीच कमरेत सैल करून दिली होती. त्याला वर बघवेना, आणि मावशींना तर धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं झालं.

गुन्हा नोंदवला गेला. लेकीने वकील गाठला, वकिलाने मनाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टरांनी हळूहळू विचारलं तेव्हा मावशी बोलल्या. नवरा गेल्यापासून हे सुरू झालं होतं. दुकानात शिरलं की छातीत काहीतरी दाटून यायचं, हात पुढे जायचा, वस्तू पिशवीत पडली की मोकळं वाटायचं, आणि घरी येऊन कडी लावेपर्यंत शरमेने अंग जळायला लागायचं. डॉक्टर म्हणाले, हा आजार आहे, यावर उपचार आहेत. वकील म्हणाले, डॉक्टरांचं पत्र जोडू, सगळ्या वस्तू परत करू, म्हणजे न्यायाधीश नरमतील.

म्हणून रविवारी लेक यादी करायला आली. मावशींनी पत्र्याचा डबा पुढे ठेवला. चोरलेली एकही वस्तू त्यांनी वापरली नव्हती. उलट, गिऱ्हाइकांचे कपडे एकमेकांत मिसळू नयेत म्हणून प्रत्येकाला नावाची चिंधी टाचायची जन्माची सवय इथेही सुटली नव्हती. मोज्यांना चिंधी, रुमालाला चिंधी, त्यावर दुकानाचं नाव आणि तारीख.

"अगं आई, चोर पुरावा लपवतात," लेकीला हसू आवरेना. "तू तर पावती फाडून ठेवलीस."

मावशी हसल्या नाहीत. सकाळीच त्यांनी डब्यातली एक वस्तू काढून मशीनच्या खणात ढकलली होती.

"एवढं मनाला लावून नको घेऊस," लेक म्हणाली. "आजार आहे हा. तुझा काही दोष नाही यात."

'आजार' हा शब्द पांघरुणासारखा होता. ओढून घेतला की सगळंच झाकलं जाणार होतं, आणि मावशींनी घटकाभर तो ओढूनही पाहिला. मग उठून त्यांनी खण उघडला आणि लेकीपुढे एक मनगटी घड्याळ ठेवलं. पट्ट्याला चिंधी होती. 'लेक', आणि खाली गेल्या वर्षीची तारीख.

लेकीचा चेहरा उतरला. हेच घड्याळ हरवलं म्हणून तिने कामवाल्या बाईला उभ्या पायी काढलं होतं.

"हेही आजारातच झालं ना?" तिने विचारलं.

"घेतलं ते आजारात. पण तू तिला वाट्टेल ते बोललीस, तेव्हा मी तुझ्याच स्वयंपाकघरात चहा पीत बसले होते. तोंड उघडलं नाही मी. त्याची लाज वाटते, आणि ते कुठल्या पत्रात बसत नाही."

लेकीने चिंधीवरची तारीख पुन्हा वाचली. "वकिलांना सांगायचं?"

"आधी तिला."

ती बाई दोन गल्ल्या पलीकडे राहायची. दारातच उभी राहून तिने सगळं ऐकून घेतलं. आत या म्हणाली नाही, भांडलीही नाही. एक थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं, असं मावशींना वाटलं. लेकीने माफी मागितली, कामावर परत ये म्हणून विनवलं.

"काम नको, ताई," ती म्हणाली. "तुम्ही तुमच्या इमारतीत घरोघर सांगितलं होतंत, हिला ठेवू नका म्हणून. माझी सगळी कामं गेली. तिथे सांगाल?"

"सांगते ना, आजच सांगते."

"तुम्ही नाही. मावशींनी."

त्या इमारतीतली सगळी घरं मावशींची गिऱ्हाइकं. न्यायाधीशापुढे उभं राहायला मन तयार झालं होतं, पण त्या दारांपुढे उभं राहायला होईना. तरी त्या गेल्या. लेक मागे जिन्यात थांबली.

पहिलं दार उघडलं. "या या, मावशी. कोट झाला वाटतं?"

मावशींचा हात सवयीने तोंडाशी गेला. तिथे टाचण्या नव्हत्या.

"कोटाचं मागून," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडे भांड्यांना यायची ना, तिच्याबद्दल सांगायला आलेय. ते घड्याळ मी चोरलं होतं."