शेवाळ आणि शेवया

वहिनीचे दिवस भरत आले होते आणि तोंडावर रक्ताचा टिपूस नव्हता. आर्वीच्या डॉक्टरांनी तिची पापणी ओढून पाहिली, मला बाहेर घेतलं. "निकृष्ट खाण्यानं रक्तपेशी खराब झाल्यात. बाळंतपणाआधी सुधारलं नाही तर जिवाचं सांगता येत नाही." लोहाच्या गोळ्या तिला सोसत नव्हत्या. गोळी घेतली की ओकारी.

तेव्हा, १९८० सालच्या आसपास, मी खाण्याच्या शेवाळाच्या प्रचाराची पत्रकं वाटत फिरायचो. शेवाळाचा अर्क रक्तपेशींना जपतो, असं त्यात छापलेलं. हिरव्या भुकटीचा डबा मी फळीवर ठेवला, जाता जाता मायला सांगितलं, "फळीवर शेवाय आहे, वहिनीले रोज दे," आणि समुद्रपूरची एसटी पकडली.

आठवड्यानं परतलो तर माय दूध-गूळ घालून शेवया शिजवत होती. घरातले सगळे वाट्या घेऊन बसलेले. वहिनी नेहमीसारखी मागे. तिच्या वाट्याला पातेल्याची खरवड.

"माय, हे काय?"

"तूच तं म्हणाला, शेवया दे. देऊन राह्यली ना रोज!"

"शेवया नाई वं, शेवाय! पाण्यावरची, हिरवी!"

"टाक्यातली? जिच्यावरून तुझा बाप घसरला?" ती खदखदून हसली. मग एकदम गंभीर. "पोटुशी बाईले घाण चारतेत का कोनी?"

आमच्या जिभेवर 'ळ' टिकत नाही. पत्रक छापणाऱ्यांना त्याचं काय! मी ते वाचून दाखवलं तेव्हा गावोगाव बायांनी शेवयाच ऐकल्या असणार. मी पार थकून गेलो होतो, पण संताप वेगळाच होता. सगळ्यांचं झाल्यावर उरलेली भाकर, मिरची आणि वरून चहा, यानं रक्त जातं. पत्रकात त्यावर एक ओळ नव्हती.

त्या दिवशी पिठात भुकटी मी स्वतः कालवली. हिरवी भाकर आणि वरणाची वाटी वहिनीसमोर ठेवली, सगळ्यांच्या आधी.

"भाऊजी, चुलीपाशी काऊन बसले? लोक हासतीन."

"हासू द्या. जेवा."

तिनं घास घेतला.

"कशी लागते?"

"टाक्यावानी," ती म्हणाली आणि पदर तोंडाशी नेला. माय बादली घेऊन धावली. ओकारी आली नाही. तिनं भाकरीचा दुसरा तुकडा मोडला.