मदर गेली!

हसणार नसाल तरच सांगतो. जाऊ द्या, हसाच! जित्या बाईची मरणाची तार करणारा माणूस दुसरा कुठे भेटणार तुम्हाला?

नव्वदच्या आसपासची गोष्ट. जळगावला टिश्यू कल्चरच्या लॅबमध्ये मी नवा होतो. येत्या सोमवारी लॅबचे सर मला कायम करणार होते. सरांना ध्यास एकच, बाटलीत अंजनाची रोपं! अंजन म्हणजे तूर-हरभऱ्याचाच भाऊबंद, पण लाकूड असं की कुऱ्हाडीचे दात पडावेत. इतर अंजनांचे डोळे, म्हणजे फांदीवरचे कोंब, बाटलीत घातले की बुरशी यायची. कोंब फुटला तो फक्त सरांच्या शिंदखेड्याच्या मळ्यातल्या अंजनाला. त्याला आम्ही लॅबमध्ये 'मदर प्लांट' म्हणायचो. लाडाने नुसतं 'मदर'.

त्याच आठवड्यात, ऐन उन्हाळ्यात, सरांनी मला फांद्या आणायला मळ्यात धाडलं. तिथे त्यांच्या आई, अक्का, राहायच्या. जाऊन बघतो तर काय, झाडावर औषधाला पान नाही! अक्कांना सांगायची हिंमत होईना. तडक पोस्ट गाठलं आणि इंग्रजीत तार लिहिली, 'मदर प्लांट एक्स्पायर्ड. कम सून.'

वर शहाणपणा बघा! तारेत शब्द कमी हवेत म्हणून 'प्लांट' खोडला.

पोस्टमास्तरांनी चष्मा काढला. "अरेरे! वय काय होतं?"

"शंभरी ओलांडली असेल."

"सोनं झालं म्हणायचं. पुढचं कसं?"

"बघू. लाकूड चांगलं आहे, फळ्या निघतील."

मास्तर माझ्याकडे बघतच राहिले. मला वाटलं, झाडांची आवड दिसते बुवा माणसाला!

दुसऱ्या दिवशी मी ओट्यावर कळण्याची भाकरी खात होतो. दारात जीप थांबली. सर, त्यांच्या दोन बहिणी, हार, आणि एकच टाहो, "अक्काऽऽ!"

पिठाच्या हातांनी अक्का बाहेर आल्या. "काय रे भाऊ, कोन मरनं?"

थोरल्या ताई जागच्या जागी खाली बसल्या. सर गरकन माझ्याकडे वळले. "तार कोणी केली?"

"मीच, सर. मदर गेली म्हणून..."

"अरे, ही काय समोर उभी आहे!"

"ही नाही हो सर, मागची! अंजन!"

अक्कांनी मला दंडाला धरून मागे नेलं आणि नखाने साल खरवडली. आत हिरवंगार! "आरे येडा, अंजन दरसाल पानं गाळस. आठ दिसमा नवी पालवी!"

झाडांच्या लॅबमधला माणूस मी! मला रडूच फुटलं.

सर कडाडले, "याला कायम करणार होतो मी! आजच घरी पाठवतो!"

"ऱ्हाऊ दे रे भाऊ," अक्का म्हणाल्या. "झाड जित्तं शे, मी बी जित्ती शे. गयी ती यानी अक्कल. ती काई वापस येत नई, नोकरी तरी ऱ्हाऊ दे!"