टोपीखालची दुसरी रेघ

हे लिहायला मी कोण, असं पहिल्याच ओळीला वाटतंय, त्याबद्दल माफ करा. मी नेमबाज नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नाही, आणि स्वतःबद्दल कागदावर लिहायची सवय तर कुणालाच नाही. पण एक चूक माझ्या हातून झाली आणि ती दुसरं कुणी लिहिणार नाही.

माझ्या वर्गात विक्रोळीची एक मुलगी होती. ती लांबच्या अंतरावर रायफल चालवायची. मी तिचा जोडीदार, म्हणजे तिच्या बाजूला पालथा पडून अंतर सांगणारा. आमच्या क्लबच्या सरांनी मला घेतलं ते माझी वही स्वच्छ असते म्हणून. त्यांनी रेंजफाइंडर सरावासाठी घरी न्यायला दिला. एका डोळ्याने पाहायचं, बटण दाबायचं, की आत मीटरचा आकडा उमटतो. निशाणाची लोखंडी पाटी लहान असली तर त्यातला किरण मागच्या मातीवर जातो आणि आकडा जास्त येतो, म्हणून तीनदा मोजायचं.

आमचं घर घाटकोपरच्या डोंगरावर, वरच्या गल्लीत. तिथून मी पाण्याची टाकी मोजायचो, शाळेची गच्ची मोजायचो. पप्पा वॉचमनची ड्युटी करून आले की पायरीवर बसून बघायचे. एकदा म्हणाले, "कॉलेज किती लांब रे आपल्यापासून?"

मी मोजून सांगितलं, सहाशे चाळीस मीटर.

"एवढंच? मग अर्धा तास कसा लागतो तुला?"

सरळ जाता येत नाही, खाली उतरून वळसा घ्यावा लागतो, असं मी म्हणालो. ते हसले नाहीत. मान हलवून आत झोपायला गेले.

माझा आकडा ऐकून ती रायफलवरच्या दुर्बिणीचा टरेट फिरवायची. टरेट म्हणजे दुर्बिणीच्या डोक्यावरची फिरणारी टोपी. तिच्यावर आकडे असतात आणि एकेक क्लिक बोटाला जाणवतो. शंभर मीटरवर एक क्लिक म्हणजे गोळी एक सेंटिमीटर वर. टोपीची पूर्ण फेरी शंभर क्लिकची. फेरी पूर्ण झाली की टोपी थोडी वर उचलली जाते आणि तिच्याखाली दांड्यावर दुसरी रेघ दिसू लागते. समोर मात्र पुन्हा तेच शून्य.

आमच्यात एक रीत होती. रायफलला शेवटचा हात लावेल त्याने टरेट शून्यावर आणूनच ती पेटीत ठेवायची.

राज्याच्या संघाची निवड ज्या दिवशी होती, त्याच्या आदल्या दिवशी आम्ही रेंजवर सराव केला. तिच्या घरच्यांनी तिला हे एकच वर्ष दिलं होतं. संघात आली तर खेळाडू म्हणून पोलीस भरतीची तयारी, नाही तर मिळेल ती नोकरी. हे ती मला चहा पिताना सांगून मोकळी झाली होती, जणू वेळापत्रक सांगावं तसं. मी त्या आठवड्यात पहाटे दुधाच्या पिशव्या टाकून, दिवसा परीक्षा देऊन आलो होतो. हे कारण म्हणून सांगत नाही. अंगात त्राण नव्हतं एवढंच.

शेवटची पाटी सगळ्यात लांबची होती. त्यासाठी तिने एकशे दहा क्लिक चढवले होते. ती सामान टेम्पोत ठेवायला गेली आणि रायफल माझ्याकडे आली. मी टरेट मागे फिरवला, दहा क्लिकवर शून्य समोर आलं, मी थांबलो. मागे यायचं होतं एकशे दहा क्लिक.

दुसऱ्या दिवशी पहिली पाटी मी तीनदा मोजली. एकशे बारा मीटर. तिने टरेट लावला आणि गोळी झाडली. लोखंडाचा आवाज आला नाही. दुसरी नाही, तिसरीही नाही. ती डोळा न काढता म्हणाली, "अंतर बघ ना परत."

एकशे बाराच.

पुढची पाटीही तशीच गेली. मागे बसलेल्या कुणीतरी, पोरगी घाबरली, असं म्हटलेलं मला ऐकू आलं. तेव्हा वहीत आकडा लिहिताना माझी नजर टोपीखाली गेली. दुसरी रेघ दिसत होती.

"एक फेरी जास्त आहे," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिलं, क्षणभरच. मग शंभर क्लिक खाली आणले. पुढच्या आठही पाट्या वाजल्या.

संपल्यावर सरांनी विचारलं, सुरुवातीला काय झालं. मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "मीच रेघ बघितली नाही सर."

आणि मी गप्प राहिलो. हेच मला लिहायचं होतं.

परतताना टेम्पोत ती झोपून गेली, किंवा झोपल्यासारखी बसली. मुलुंड आल्यावर सर उतरले. मीही त्यांच्यामागे उतरलो आणि रस्त्याच्या कडेला सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, पेटीतून काढलेली रायफल तपासणं नेमबाजाचंच काम, तिने सांगितलं ते बरोबरच आहे, गुण त्याने बदलत नाहीत. मग म्हणाले, "पण तू आलास ते बरं केलंस. घरी जा, झोप."

त्यानंतर ती क्लबमध्ये आली नाही, वर्गातही क्वचितच. मी दोनदा मेसेज लिहून पुसला, तिसऱ्यांदा पाठवला. सगळं सांगितलं आणि माफी मागितली. उत्तर आलं नाही. संघाच्या यादीचं सर काही बोलत नव्हते, विचारायची माझी हिंमत नव्हती. रेंजफाइंडर परत देऊन टाकला. पायरीवर बसलो की हात उगाच डोळ्याकडे जायचा.

काल दुपारी कॉलेजातून डोंगर चढत असताना फोन वाजला. तिचा मेसेज होता.

"यादी लागली. मी नाही त्यात. कुर्ल्याला एका दुकानात लागले, रविवारी सुट्टी असते. सरांशी बोलले, रविवारी रेंजवर येणार आहे. शून्यावर तूच आण. रेघ मी बघेन."