बाबांचा अंगठा

वेबसाइट बनवणं हे माझं काम. नवी वेबसाइट झाली की मी फोन आधी बाबांच्या हातात द्यायचे आणि काहीही न सांगता समोर बसून राहायचे. बाबांनी जन्मभर कामठीत पॉवरलूमवर काम केलं होतं. माग सुरू करताना तो नीट लय धरेपर्यंत दांडा सोडायचा नाही, ही त्यांच्या हाताची सवय. फोनवरचं बटणही ते तसंच दाबून धरायचे आणि भलतंच काहीतरी उघडायचं. "काहून वं, हे चालून नाही राहिलं?" असं विचारून, चूक आपलीच समजून ते फोन परत द्यायचे. मला त्या बटणाचाच राग यायचा. म्हणून मी माझ्या वेबसाइटवरची बटणं कितीही वेळ दाबून धरली तरी चालतील अशी करायला लागले.

या उन्हाळ्यात बाबा गेले. परवा एक ग्राहक म्हणाला, "असं दाबून कोण धरतं? काढून टाका ते." मी नाही म्हटलं, तेही जरा चढ्या आवाजात.

आता नवी वेबसाइट झाली की बटण मीच दाबून धरून बघते. पान लगेच उघडतं. अंगठा मात्र उचलवत नाही.