ओल्या काजूच्या उसळीतली राहिलेली ओळ

मंडळी, आज वेंगुर्ल्याला समुद्रकाठी माझ्या पाककृतींच्या पुस्तकावर गप्पा होत्या. बायका रंगात आल्या होत्या. फणसाच्या भाजीवरून विषय ओल्या काजूच्या उसळीवर आला.

तेवढ्यात एक मुलगी उठली. नागपूरहून लग्न होऊन कुडाळला आलेली. म्हणाली, "ताई, तुमचं वाचून पहिल्यांदाच उसळ केली. छान झाली." आणि तिने हात दाखवले. काजूचा चीक लागून बोटांची सालं निघाली होती.

पुढेच सुमतीकाकी बसल्या होत्या. त्या बाजारात ओले काजू विकतात. "गो बाय, हाताक खोबरेल लावल्याशिवाय ओल्या काजूक कोण हात लावता?"

"पुस्तकात नव्हतं," ती म्हणाली.

"ह्यां पण लिहूक लागता काय?"

सगळ्या हसल्या. मला हसता येईना. मी 'बिया चिरून गर काढा' एवढंच लिहिलंय. मला तरी कुणी कुठे सांगितलं होतं? आई विळीवर बसायच्या आधी माझे हात ओढून घ्यायची आणि तेल चोळायची, बस्स.

सालं निघालेल्या त्याच हातांनी ती मुलगी सहीसाठी पुस्तक पुढे करत होती. मी तिच्या प्रतीत आणि मग टेबलावरच्या सगळ्या प्रतींत पेनाने लिहिलं, 'आधी हाताला खोबरेल.'

ज्यांच्याकडे पुस्तक आहे त्यांनी आत्ताच हे लिहून घ्या. पण काजूचा हंगाम ऐन भरात आहे हो. ज्यांच्या घरी माझं पुस्तक पोचलंय आणि ही पोस्ट पोचणार नाही, त्यांचे हात मी कसे ओढून घेऊ?