सुनेसाठी तयार केलेला तवा

माझी जीभ जरा तिखटच आहे. लग्नानंतर महिन्याभरात सुनेनं माझा बिडाचा तवा साबण लावून, तारेच्या घासणीनं घासून पांढरा केला, तेव्हा मी म्हटलं, "जिला तवा सांभाळता येत नाही, ती घर काय सांभाळणार?" तवा पंधरा दिवसांत पुन्हा काळा झाला. मुलगा-सून मात्र वर्षाच्या आत आचोळ्याला राहायला गेली. स्टेशन जवळ पडतं, असं मुलानं सांगितलं. आमच्या उमेळ्याहून आचोळं काही लांब नाही, तरी सहा महिने मला तिकडून बोलावणं आलं नाही.

चूक माझी होती, हे मला कळत होतं. पण माफी मागायची म्हटली की माझी जीभ रेटत नाही. म्हणून मी नवा तवा आणला. पेजेत भिजवला, धुऊन कोरडा केला, रोज अर्धा कांदा तेलात बुडवून त्यावर फिरवला. सुरुवातीची फाटकी घावनं मीच खाल्ली. दोन महिन्यांनी घावन आपसूक सुटायला लागलं, तसा तवा पिशवीत घातला आणि न कळवताच रिक्षात बसले.

सुनेनं पाणी दिलं. तवा उलटसुलट करून पाहिला. मग ओट्याखालून स्वतःचा एक तवा काढला. बिडाचाच, नवा, पण गंजाचे डाग पडलेला.

"इथं आल्यापासून करून बघतेय, आई. आमच्या साताऱ्याकडं भाकरीच. घावन काय सुटत नाही. तुमचा तयार तवा नको मला. हा कसा करायचा ते दाखवा."

पदर खोचून आम्ही दोघींनी गंज काढला, तवा पुसला, तेल चोळून तापवला. तिनं तांदळाचं पीठ भिजवलं आणि पहिलं घावन घातलं. ते चिकटलं. माझ्या तोंडात काहीतरी आलंच होतं, ते गिळलं.

"मी नवी नवरी असताना सासूबाईंचा तवा राखेनं घासून पांढरा केला होता," मी सांगून टाकलं. हे मी मुलालाही कधी सांगितलं नव्हतं.

ती उलथनं धरून थांबली. "मग त्या काय म्हणाल्या?"

"काही नाही. तेलाची वाटी आणून माझ्या हातात दिली."

ओट्यावर तेलाची वाटी होती. मी ती उचलून तिच्या हातात दिली. उशीर झाला होता, पण दिली.