खळगी पडलेले दाणे

आष्टी तालुक्यात, जंगलाला लागूनच सखूबाई कुमरेचं दीड एकर रान आहे. त्यातली पाच तासं, म्हणजे पाच ओळी, ती दरसाल वाणीची पेरायची. वाणी म्हणजे हुरड्याची ज्वारी. कणीस निखाऱ्यावर भाजलं, तळहातावर चोळलं, की दुधाळ, गोड दाणे मोकळे होतात. हे बी सासरी येताना आईनं तिच्या पदराला बांधून दिलं होतं. आसपासच्या गावांत सोयाबीन आलं, रानडुकरं माजली, बहुतेकांनी ज्वारी सोडली. वाणी उरली ती एकट्या सखूबाईकडे.

आणि ती एका दुपारी सुपातून गेली.

सखूबाई आठ दिवस भावाकडे आर्वीला गेली होती. घरी नवी सून, रक्षा. सासू यायच्या आत बियाणं निवडून ठेवावं, असं तिच्या मनानं घेतलं. सासू आल्या आल्या तिनं गाडगं पुढं केलं.

"पाहा आत्या, एकेक दाणा टपोरा! खळगी पडलेला सारा फालतू माल कोंबड्यायले टाकला."

सखूबाईनं गाडग्यातले मूठभर दाणे उपसून पाहिले, एकालाही खळगी नव्हती. बाकी कुठल्याही धान्याचा भरदार दाणा बियाला ठेवायचा, हे खरं. पण वाणीचा दाणा वाळला की सुरकुततो, त्याला खळगी पडते. ती खळगी हीच तिची खूण. सखूबाई आजवर स्वतःच बी निवडायची, त्यामुळे हे कुणाला सांगायला लागतं, हे तिच्या डोक्यातच कधी आलं नव्हतं.

"काऊन वं पोरी, मले विचारलं तरी असतं!"

"मले वाटलं, तुमाले खुशी होईन," म्हणत रक्षा रडायला लागली.

"उगी राह्य. रडून का कोंबडी दाणे ओकन?"

दुसऱ्या दिवसापासून सखूबाई निघाली. आष्टीचा बाजार, आर्वीचे नातेवाईक, ओळखीची एकूण एक घरं तिनं पालथी घातली. "वाणी? आमच्या आज्याच्या वक्ती होती," एवढंच जो तो सांगे. मग पाऊस लागल्यावर तिनं गाडग्यातले तेच टपोरे दाणे पेरले. जे आहे ते मातीत तरी जाऊ दे.

हिवाळ्यात हुरडा भाजला. तोंडात पिठूळ, मधूनच एखादा दाणा गोड. तो मधलाच गोडवा सखूबाईच्या जिभेवर अडकून राहिला. कणसं वाळली तेव्हा ती एकेक निरखू लागली, तर टपोऱ्या दाण्यांच्या गर्दीत खळगीचे दाणे! एक कणीस घेऊन ती थेट कृषी सहायक पौर्णिमा थूल हिच्याकडे गेली आणि झालेलं सगळं सांगितलं.

पौर्णिमानं कणीस फिरवून फिरवून पाहिलं आणि हसली. "मावशी, मागच्या साली बांधाच्या पल्याड तानबाभाऊची हायब्रीड ज्वारी होती ना?"

"होती. का केलं तिनं?"

"ज्वारी बी एक गवतच हाये. गहू, ऊस, बांबू, हराळी, सारे भाऊबंद. यायच्या फुलाले रंग नाई, पाकळी नाई. कोन्या भुंग्याची वाट नाई पाहात, हवाच पराग नेते. तानबाभाऊच्या ज्वारीचा पराग तुमच्या कणसायवर आला. जिथं पडला तिथले दाणे टपोरे झाले. आन वहिनीनं नेमके तेच ठेवले."

"म्हणजे माही वाणी कोंबडीच्या पोटात, आन तानबाची औलाद माह्या गाडग्यात!"

"अर्धी तुमचीच हाये मावशी. वाणीचा गुण दबला, मेला नाई. हे कणीस मोजा. तीन टपोऱ्यायमागं एक खळगीचा भेटन. त्या एका दाण्यात मायकडून बी वाणी आली, बापाकडून बी. तेवढेच पेरा. बाहेरचा पराग पडू देऊ नका."

सखूबाईनं पुढचे बारा दिवस ओसरीवर काढले. कणीस घ्यायचं, नखानं एकेक खळगीचा दाणा वेगळा करायचा. मान आखडली, डोळे चुरचुरले. रक्षा शेजारी बसायची, पण सखूबाई तिनं निवडलेलाही दाणा न् दाणा पुन्हा पाहायची. टोपलीभर कणसांतून शेरभर बी निघालं.

पुढच्या साली ज्वारी निसवायला, कणसं बाहेर टाकायला लागली तशी तिनं जुनी लुगडी फाडून पिशव्या शिवल्या आणि फुलोऱ्याआधी कणसाकणसावर चढवून दोऱ्यानं बांधल्या. गावाला फुकटचा तमाशा झाला.

"सखू, कणसायनं पदर कायले घेतला वं?" तानबानं बांधावरून विचारलं.

"तुह्या पोरायची नजर वाईट हाये म्हणून!"

तानबा हसत सुटला, पण त्या वर्षी त्यानं काही आपली हायब्रीड थांबवली नाही. पिशव्या मात्र टिकल्या.

हुरड्याला पौर्णिमा मुद्दाम आली. पहिलीच मूठ तोंडात टाकून ओरडली, "आली मावशी! वाणी आली!"

गोडवा खरंच आला होता. सखूबाईनं तरी मान हलवली. आईची वाणी एकदा चोळली की मोकळी व्हायची, हिचे दाणे टरफलाला धरून बसत होते. हायब्रीडचा हट्ट अजून अंगात होता. "अर्धी वाट आली," ती म्हणाली.

"बापा, मावशी! रानटी ज्वारीचे दाणे तं आपोआप गळून पडत," पौर्णिमा म्हणाली. "हजारो वर्षांआंधी कोनीतरी न गळणारी कणसं पाहून पाहून ठेवली, तवा कुठं आपली ज्वारी झाली. तुमाले एवढी घाई काऊन?"

"ती बी बाईच असन," सखूबाई म्हणाली. "माणूस कायले एवढा कुटाना करन?"

तेवढ्यात तानबाच शेकोटीशी येऊन टेकला. दोन कणसं संपवली आणि हात पुसत म्हणाला, "सखू, मले बी पसाभर बी दे ना. असा हुरडा लहानपणी खाल्लता."

"हुरडा पोटभर खा. बियाचं दोन सालानं मांगजो, आता नाई."

आणि ती उठली, उभ्या कणसांत शिरली. एकेका कणसातले चार दाणे तळहातावर घेऊन ती चोळून पाहू लागली. लवकर सुटले तर बियासाठी त्या ताटाला, म्हणजे धाटाला, चिंधी बांधायची, नाही तर पुढच्या ताटाकडे. दिवस कलेपर्यंत दोनशे ताटांतल्या नऊ ताटांना चिंध्या लागल्या होत्या.